आबांचा खुराक

माझे सासरे पाखरांशी बोलायचे आणि मला ऐकू येईल अशा बेतानं बोलायचे. लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते पडवीतल्या पिंजऱ्यासमोर बसून म्हणाले, "राव, आज चहात साखर लई झाली." पिंजऱ्यातले लव्हबर्ड चहा पीत नव्हते. म्हातारा सटकलेला दिसतो, असं मला वाटलं. मग सासूबाईंनी समजावलं, की या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही, पहिल्यापासूनची रीत आहे. आबांचे आजोबा म्हणे आबांच्या आईशी बोलायचं असलं की भिंतीकडे तोंड करायचे. त्या मानानं आबा सुधारलेले होते.

आबा घोडेगावला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना शाल, नारळ आणि लव्हबर्डची एक जोडी दिली. शाल ट्रंकेत गेली, नारळाची चटणी झाली आणि जोडीची दोन-चार वर्षांत बावीस पाखरं झाली. ज्या माणसानं जन्मभर बैलांचे जबडे उघडून नळीनं औषध पाजलं, त्याच्या हाती आता मुठीत मावणारा रोगी आला होता. पण तो आजारीच पडेना. तेव्हा तो कधीच पडू नये, या कामाला आबांनी स्वतःला जुंपून घेतलं.

राळा आणि बाजरी हे पाखरांचं नेहमीचं खाणं. एवढ्यावर आबांचं भागत नसे. दुकानातल्या टॉनिकच्या बाटलीवर त्यांचा विश्वास नव्हता. जे घालायचं ते रानातलं नाही तर चुलीतलं. जुन्नरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस यायचा, तो चोच घासायला आणि हाडं भरायला. आहुप्याचा एक जुना सहकारी नाचणी पाठवायचा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून, फडक्यातून गाळून डब्यात भरायचे. त्याशिवाय काळे तीळ होते, थंडीत चिमूटभर हळद होती, लसणाचं पाणी होतं. चुलीतली राख ते रोज चाळायचे आणि कोळशाचे बारके खडे पाखरांच्या पचनासाठी वेगळे काढायचे. दर रविवारी एकेक पाखरू कागदाच्या पुडीत घालून सोनाराकडून आणलेल्या जुन्या तराजूत तोलायचे. एखाद्याचं वजन भरलं नाही की दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं. "घातलं म्हंजे झालं न्हाई, अंगी लागलं पायजे," हे त्यांचं पालुपद होतं.

सासूबाई माळकरी, घरात अंडं येत नसे. पण पाखरांना कॅल्शियम हवं. आबा आळेफाट्याच्या भुर्जीच्या गाडीवरून अंड्यांची टरफलं पेपरात गुंडाळून आणायचे आणि घरात कुणी नसताना माझ्या माहेरून आलेल्या मिक्सरमध्ये दळायचे. एक दिवस सासूबाईंनी त्याच भांड्यात एकादशीची दाण्याची चटणी वाटली आणि तळाशी पांढरं काय चिकटलंय म्हणून विचारलं. मिक्सरवर गोमूत्र शिंपडलं गेलं. त्यातलं थोडं मोटारीत गेलं आणि मिक्सर बसला, तो माझ्या नवऱ्यालाही दुरुस्त करता आला नाही. आबा पाखरांना म्हणाले, "पाट्यावर चांगलं बारीक व्हतं." तेव्हापासून मी चटण्या पाट्यावर वाटायला लागले.

हे सगळं आता मी हसत सांगते. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं सातव्या महिन्यात मूल गेलं. मी दवाखान्यातून परत आले, पडवीत गोधडी पांघरून पडले होते, आणि आबा पिंजऱ्यासमोर बसून एका मादीला सांगत होते, "तुझी काय चूक न्हाई. आमीच खुराक कमी घातला." त्या वर्षी त्या मादीची अंडी फुटली होती. माझं मूल गेलं आणि या माणसाला अंड्यांची पडली आहे, असं मनात आलं. त्या दिवसापासून मी त्यांचं ताट वाढताना त्यांच्याकडे बघणंही सोडून दिलं.

पुढं मला पुन्हा दिवस राहिले. नव्याण्णवचा सुमार असेल. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की रक्त फार कमी आहे, हे असंच राहिलं तर या वेळी बाळाबरोबर आईचंही अवघड. लोहाच्या गोळ्या दिल्या, चुकवायच्या नाहीत म्हणून बजावलं. त्या गोळ्या मला पचेनात. घेतली की अर्ध्या तासात उलटी. तीन आठवड्यांनी मी गोळी घेणं बंद केलं आणि रोजची एक गोळी चुलीच्या राखेत खुपसायला लागले. कुणाला सांगायची सोय नव्हती. माझा नवरा मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवायचा, तापट होता. आणि दुसरं म्हणजे मी गावात अंगणवाडी सेविका. दर मंगळवारी गरोदर बायका समोर बसवून याच गोळ्यांवर मी भाषण द्यायचे आणि गोळी टाकून देणाऱ्या बायकांना सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचे.

त्याच दिवसांत भाकरी थोडी कडवट लागायला लागली. जातंच खराब पीठ देतं, असं म्हणून सासूबाईंनी गिरणीवाल्याशी भांडण काढलं. बाजरीची भाकरी मुळातच काळपट, त्यामुळे डोळ्यांना काही वेगळं दिसत नव्हतं. आबा जेवताना माझ्या ताटाकडं बघायचे आणि हात धुऊन पडवीत जाऊन म्हणायचे, "आज दोनच खाल्ल्या." मला वाटायचं, सुनेच्या भाकरी मोजणारा हा कसला माणूस.

सातव्या महिन्यात माझा भाऊ मला बाळंतपणासाठी न्यायला निमगाव साव्याहून जीप घेऊन आला. सासूबाईंनी पुरणाचा बेत केला. गव्हाचं ताजं पीठ तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून बाजरीच्या डब्याशेजारी ठेवलं होतं. दोन्ही डबे सारखेच, आणि आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी पहिली पोळी तव्यावर टाकली आणि ती शेवाळासारखी हिरवी फुगली. दुसरीही तशीच. सासूबाईंनी डब्यात हात घालून पिठाचा वास घेतला आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हा तर पाखरांचा शेवगा हाय."

मग काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात मी कुठंच बरी दिसत नाही. पाखरांचा खुराक सुनेच्या पिठात घालतात, हे ऐकून माझा भाऊ पाटावरून उठला. आमची बहीण काय पिंजऱ्यात ठेवलीय का, असं त्यानं विचारलं. महिनोन्महिने भाकरी कडू का लागत होती ते मी रडत सगळ्यांना सांगितलं. माझ्या नवऱ्यानं आबांना विचारलं, की हे तुम्हीच केलं ना आणि का केलं. आबांनी एकदा चुलीकडं पाहिलं, एकदा माझ्या भावाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नवऱ्याला वाटलं, डोकं फिरलंय म्हणूनच बोलत नाहीत. तो तसाच पडवीत गेला आणि त्यानं पिंजऱ्याची दारं उघडली.

पिंजऱ्यात जन्मलेल्या लव्हबर्डांना लांब उडता येत नाही, दाणा शोधता येत नाही. काही समोरच्या बाभळीवर जाऊन बसले, काही कौलांवर. दोन शेजारच्या मांजरीनं तिथंच धरले. एक शिक्रा कुठून आला कोण जाणे. आबा तळहातावर राळा घेऊन अंगणात उभे होते आणि त्यांच्या तोंडातून शीळ फुटत नव्हती. मी भावाच्या जीपमध्ये बसून ते बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नवव्या महिन्यात नारायणगावच्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. कागद बघून ते खूश झाले. एवढं रक्त वाढलं म्हणजे गोळ्या अगदी नेमानं घेतलेल्या दिसतात, असं म्हणून त्यांनी बाहेर बसलेल्या बायकांना माझं उदाहरण दिलं. शेवग्यानं रक्त वाढतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. मी नुसती मान हलवली. मला मुलगी झाली, आणि आम्ही दोघी धडधाकट घरी आलो.

मी सासरी परत गेले तेव्हा पिंजऱ्यात कांदे भरून ठेवले होते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आबा पडवीत बसले होते, समोर चाळणी होती, राख नव्हती. मी पदर सावरला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना थेट विचारलं, "आबा, माझ्या गोळ्या तुम्हाला राखेत सापडल्या होत्या ना?"

त्यांनी सवयीनं पिंजऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "व्हय."

"मग त्या दिवशी बोलला का नाही? पाखरं वाचली असती."

"तुझा भाऊ समोर बसला व्हता," ते म्हणाले. "माहेरच्या माणसादेखत तुला खोटी पाडायची व्हय? आन गावात बायांना तू शिकवतीस. उद्या त्यांनी तुझं ऐकलं नसतं." मग चाळणी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

त्या घरात हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझं मूल गेलं त्या वेळी ते मादीशी बोलत नव्हते. नवीन जोडी आणू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. त्यानंतर रीत पुन्हा सुरू झाली. पण आता पाखरं नव्हती, त्यामुळे ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले.

मी नवऱ्याला सांगणार होते. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, मग मुलगी शाळेत जायला लागली. हिरव्या पोळीचा किस्सा तोवर भावकीत पक्का झाला होता. कुणी पाहुणा आला की माझा नवरा तो रंगवून सांगायचा आणि आबा तिथंच बसून ऐकायचे. मी चहा घेऊन यायचे.

आबा गेले. दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पिंड मांडला, तास होऊन गेला, पण कावळा शिवेना. म्हाताऱ्याचं काहीतरी राहिलंय, असं लोक म्हणायला लागले. माझ्या दिरानं, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं राहून गेलं म्हणून माफी मागितली. नवरा हात जोडून म्हणाला, "आबा, पुन्हा पाखरं पाळतो." मागून कुणीतरी शेवग्याच्या पोळीचं नाव काढलं आणि बायकाही पदराआड हसल्या. माझा भाऊही हसला.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. एक वाक्य होतं, जेमतेम. सगळी माणसं समोर होती, ज्या बायकांना मी अजून दर मंगळवारी गोळ्या वाटते त्याही होत्या. मी पदर पुढं ओढला आणि गप्प राहिले. ऊन वर आलं, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक पंगतीकडं निघाले.