माशांचा उजेड

डिंपलचं लग्न झालं ते साल २०२३. भिकन आबांच्या हे साल पक्कं लक्षात आहे. नातीच्या हळदीला मांडववाल्याने रोषणाईसाठी घरासमोरच्या खांबावर आकडा टाकला, मांडव झगमगला आणि खांबावरचा दिवा गेला तो गेलाच. नात धुळ्याला सासरी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. दिव्याचं पुढे काय झालं, हे सांगायला कोणी बांधील नव्हतं.

आबा मूळचे शिरपूरकडचे. कपाशी पिकवून गुडघे थकल्यावर मुलाने, भूषणने, त्यांना आणि प्रमिलाबाईंना जळगावला पिंप्राळ्यात आणलं. कॉलनीचं नाव सागरदर्शन. समुद्र तिथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पण कॉलनीचं नाव ठेवताना अंतर मोजायची पद्धत नाही.

बंद खांबाच्या बुडाशी गटारीचं चेंबर होतं आणि त्याचं झाकण कोणीतरी भंगारात घातलं होतं. प्रमिलाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. तरी दिवेलागणीला समोरच्या सुंदरबाईंकडे जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. रिकाम्या हाताने त्या जात नसत. ताटाखाली झाकून काहीतरी असेच. आबा ओट्यावर उभे राहून त्यांना अंधारातून आवाजाने पार करत.

"डाव्या अंगनं ऱ्हाय. आते सरळ चाल."

"माले माहीत शे वो. तुम्ही काय बैल हाकी ऱ्हायनात का?"

"बैलले दिखस. तुले नही दिखत, म्हनीसन सांगस."

आबांनी दिवाबत्ती खात्यात तक्रार दिली. आकड्याचा उल्लेख त्यात अर्थातच नव्हता. घरातल्या गोष्टी सरकारला सांगायच्या नसतात.

लेक सासरी गेल्यावर भूषणला घर खायला उठलं. तो तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. त्याने पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीला लागून काचेची टाकी बसवली, मीठ कालवून समुद्र तयार केला आणि त्यात मासे व प्रवाळ सोडले. प्रवाळ म्हणजे दिसायला दगड, पण जिवंत. त्याला निळा उजेड लागतो, तोही ठरावीक वेळ. आणि मग अंधार लागतो.

"तयार दिवे मिळतात, आबा. पण त्यात आपलं डोकं कुठे लागतं?" भूषण म्हणाला.

डोकं लागलं ते असं. अ‍ॅल्युमिनियमच्या पंखदार पट्टीवर त्याने निळ्या-पांढऱ्या एलईडी ओळीने चिकटवल्या, त्या तापू नयेत म्हणून वर पंखे लावले, आणि उजेड पाण्यात खोल जावा म्हणून प्रत्येकीवर भिंग बसवलं. भिंगं मात्र चुकीची आली. उजेड खाली जाण्याऐवजी चहूकडे पसरू लागला. परत पाठवण्यापेक्षा एलईडी दुप्पट करणं त्याला जास्त शास्त्रीय वाटलं. टायमर लावल्यावर टाकीत पहाट, दुपार, संध्याकाळ असं सगळं वेळेवर होऊ लागलं. प्रमिलाबाई बघत राहिल्या.

"मासासनी सोय शे बठ्ठी," त्या म्हणाल्या. बठ्ठी, म्हणजे सगळी. कोणाची नाही, ते त्या बोलल्या नाहीत.

पण सोय त्यांचीही झाली. पाण्यात जायचा अर्धा उजेड खिडकीतून गल्लीत पडला. चेंबर लख्ख निळं दिसू लागलं. आबांनी ओट्यावरून हाका मारणं सोडलं आणि प्रमिलाबाई वळसा सोडून चेंबरच्या कडेने सरळ जाऊ लागल्या. थंडीत कॉलनीने तिथेच भरीत पार्टी केली. निळ्या उजेडात वांगी, मिरच्या आणि कांद्याची पात एकाच रंगाची दिसत होती, पण चवीबद्दल तक्रार आली नाही.

आबांच्या तक्रारीची चौकशी व्हायची होती, ती याच सुमारास झाली. पर्यवेक्षक प्रेमराज संध्याकाळी मोटारसायकलवरून आले, न उतरता गल्ली पाहिली आणि शेरा दिला: 'प्रकाश समाधानकारक. तक्रार निकाली.' प्रकाश समाधानकारक असल्यामुळे खांब अनावश्यक ठरला. पुढच्या महिन्यात माणसं येऊन खांब उपटून घेऊन गेली. चेंबर त्यांच्या खात्यात येत नव्हतं, ते राहिलं.

आबा कार्यालयात गेले.

"साहेब, तो उजेड माशांचा आहे."

"बाबा, उजेड आहे की नाही?" प्रेमराजांनी विचारलं.

"आहे. पण माशांचा."

"नागरिकांचा किती आणि माशांचा किती, असा रकाना आमच्याकडे नाही. आहे की नाही, एवढंच विचारलंय."

"मुलाने उद्या बंद केला तर?"

"मग तक्रार करा."

"कशाची?"

"दिवा बंद असल्याची. खांब क्रमांक टाकून. खांब मात्र लागेल हं. खांबच नसेल तर दिवा बंद आहे, असं म्हणता येत नाही."

इकडे कॉलनीचे अध्यक्ष गिरधर नाना ठराव घेऊन आले. टाकीतली संध्याकाळ आठला होते. ती अकराला व्हावी, अशी रहिवाशांची एकमुखी मागणी होती. भूषणने प्रवाळाला अंधार लागतो हे समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भूषणभाऊ, अंधार काय, आम्हालाही बघवत नाही. दगडांना काय होतंय?"

शिवाय सत्कार ठरला होता. वॉर्डातल्या पुढाऱ्यांनी खिडकीसमोर फीत कापली, 'सागरदीप लोकार्पण' अशी फरशी भूषणच्याच कंपाउंडच्या भिंतीत बसवली, आणि शाल-श्रीफळ देऊन त्याला 'गल्लीचा सूर्य' म्हटलं. सूर्याने अकरापर्यंत चालू राहायचं कबूल केलं.

दिवाळीनंतर प्रवाळ पांढरं पडायला लागलं. भूषणने रात्री पडदा ओढून पाहिला, तर दुसऱ्याच दिवशी दिवाबत्ती खात्याची नोटीस आली: लोकार्पण झालेल्या दिव्यास अडथळा केल्याचा खुलासा करावा. त्याने पडदा काढला. प्रवाळ आणखी पांढरं झालं. शेवटी जानेवारीत चार विद्यार्थी बोलावून त्याने टाकी मागच्या खोलीत हलवली. तिथे खिडकीच नव्हती.

"आठवडाभर थांबला असतात," गिरधर नाना हळहळले. "गुरुवारी आपल्याला महापालिकेचं बक्षीस आहे. 'प्रकाशमान गल्ली', पहिला क्रमांक."

"मग ते नाकारा," भूषण म्हणाला.

"अहो, आलेलं बक्षीस नाकारणं बरं दिसतं का?"

ज्येष्ठ नागरिक म्हणून ते घेण्याचा मान आबांना आला. आबा जायला तयार नव्हते. पण स्टेजवर मोठे साहेब असणार, त्यांना तोंडावर खांब मागता येईल, या हिशेबाने त्यांनी टोपी घातली. निघताना प्रमिलाबाईंना म्हणाले, "आज सुंदरबाईकडे जाऊ नको. मी आठे ओट्यावर नही."

"गुळपोळी कशी जमनी, तेवढी चाखाले देसू नि येसू," त्या म्हणाल्या. "वरीस झाय, पाय वाट शिकी ग्यात."

सभागृहात झगझगाट होता. आबांनी बक्षीस घेतलं आणि माइकजवळ तोंड नेऊन सांगितलं, "साहेब, आमच्या गल्लीत अंधार आहे."

सभागृहात हशा झाला. साहेबही हसले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, अंधाऱ्या गल्ल्यांची यादी वेगळी असते. तुमचं नाव प्रकाशमान यादीत आहे. एकच गल्ली दोन्ही याद्यांत घालता येत नाही, कॉम्प्युटर घेत नाही." टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणजे हातभर उंचीचा पितळी दिव्याचा खांब होता. तो मांडीवर धरून आबा रिक्षाने घरी आले, तेव्हा गल्लीत चेंबरभोवती माणसं गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या मोबाईलचे दिवे खाली वळलेले होते. त्या संध्याकाळी गल्लीत पडलेला पहिला उजेड तोच.

दुखवट्याला दारावर पुष्कळ लोक येऊन गेले. तुम्हीही आला होतात. चेंबरपाशी मोबाईलचा दिवा लावला, कपडे सावरले, कडेने आलात. आबांना म्हणालात, तब्येतीला जपा. मग भूषणने बोलावल्यावर मागच्या खोलीत जाऊन प्रवाळ पाहिलं, ते पुन्हा रंग धरतंय म्हणून तुम्हाला बरं वाटलं, एक फोटो काढला. निघताना कपाटावरचा पितळी खांब उचलून पाहिलात आणि जड आहे म्हणालात. दारात आल्यावर परत मोबाईल लावलात.

मासे सगळे ठणठणीत आहेत. प्रमिलाबाई भिकन पाटील २०२५ सालच्या संक्रांतीआधीच्या गुरुवारी, दिवेलागणीनंतर, दवाखान्यात पोचण्याआधी वारल्या.