पलीकडचा जावई

एका जंगलात काही ससे राहायचे, आणि त्यांचं सगळं लक्ष नदीपलीकडच्या जंगलाकडे असायचं.

वस्तीचा नियम एकच होता, बाळांनो. मुलगी द्यायची ती पलीकडे. तिकडे स्थायिक झालेला, तो जावई. इकडचा, तो नुसता शेजारी.

टिपरी नावाच्या सशिणीला नेमका शेजारीच आवडायचा. त्याचं नाव भुऱ्या. करवंदीच्या जाळीखाली त्याचं बीळ होतं, आणि टिपरी बोलायला लागली की तो ऐकून घ्यायचा.

"आबा, मला भुऱ्याशी लग्न करायचंय."

"अगं, पण तो इथला आहे," आबा म्हणाले. "तसा पोरगा चांगला आहे. पण इथला आहे."

आबांनी पलीकडचं स्थळ ठरवलं. मांडव पडला. वऱ्हाड नदी पोहून आलं. पुढे नवरदेव, मागून त्याची आई जातं घेऊन, आजी अंथरूण घेऊन आणि आत्या लोणच्याची बरणी घेऊन. बरणी अर्धी होती. लग्नाला कुणी अर्धी बरणी आणतं का? टिपरीच्या ते लक्षात आलं. पण नवरीला कोण विचारतं.

अक्षता वाटता वाटता आबांनी सहज विचारलं, "व्याही, पाठवणी कधी करायची?"

"कसली पाठवणी? आम्ही राहायलाच आलोय. तुमच्या लेकी-जावयांनी मिळून तिकडचं गवत संपवलं. इकडे खायला कुणी उरलं नाही, म्हणून बघा कसं माजलंय."

आबांचे कान पडले. "म्हणजे जावई आता अलीकडचा?"

"आजपासून."

"मग जमायचं नाही. आमच्यात अलीकडे मुलगी देत नाहीत."

"बरं, पण पंगत तरी वाढा," आत्या म्हणाली.

टिपरी भुऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. भुऱ्याने नदीत उडी टाकली. पलीकडे जाऊन, अंग झटकून तो ओरडला, "आबा, मी इथे स्थायिक झालोय."

आबांनी डोळ्यांवर पंजा धरून पाहिलं. "पोराला काय तेज चढलंय," ते म्हणाले.

लग्न त्याच मुहूर्तावर लागलं. आधीच्या नवरदेवाने पोटभर जेवून घेतलं.

पलीकडे दोघांपुरतंच गवत होतं. बाकी सगळे एव्हाना अलीकडे आले होते, त्यामुळे दोघंच तर होते.

आबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमची लेक बाहेर असते." मग हळूच म्हणतात, "इथे मात्र बाहेरचे फार झालेत."

तात्पर्य: चांगला नवरा व्हायला गुण लागत नाहीत, बाळांनो. पोहता आलं पाहिजे.