पेडणेकरांचा शनिवारचा कागद

सोमवारी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मंगळवारी अनंत पेडणेकरांनी त्यात आपली खुर्ची ठेवली.

खुर्ची म्हणजे खुर्चीच. ती त्यांच्या टेबलामागे होती तिथेच होती, वेताच्या जाळीसकट. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'स्टोअर्स' नावाचा एक कप्पा तयार झाला होता, त्याच्या आत 'पेडणेकर' नावाचा कप्पा, त्याच्या आत टेबल आणि टेबलाशेजारी खुर्ची. बुधवारी टेबलाच्या आत तीन खण आले. गुरुवारी तिसऱ्या खणात जेवणाचा डबा आला. शुक्रवारी डब्याच्या आत 'बांगडा' नावाचा कप्पा उघडला, आणि दीड वाजता जेवण झाल्यावर पेडणेकरांनी तो स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी अंधेरीला, बाटल्यांची झाकणं बनवणारी. मी तिथे टायपिस्ट होते. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही म्हणून त्याला स्वतंत्र खोली आणि एसी मिळाला होता, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मला एका आठवड्याच्या कोर्सला पाठवलं होतं, त्यामुळे त्या गाभाऱ्यातली पुजारीण मीच.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता आम्हाला 'ट्री' ही आज्ञा दाखवली होती. तेवढी चार अक्षरं टाइप करायची, की कॉम्प्युटरमधले सगळे कप्पे पडद्यावर उतरतात. कोणता कप्पा कोणाच्या आत, त्याच्या आत आणखी कोणते, हे रेघांनी जोडलेलं. आम्ही बाकीच्यांनी ते बघितलं आणि चहा प्यायला गेलो. पेडणेकर जागचे हलले नाहीत.

"हेच्या पोटात काय, तेच्या पोटात काय, सगळा एका नजरेत!" ते म्हणाले. "बाय, ह्या माका तीस वर्षांपूर्वी कोणी दाखवला असता तर?"

तीस वर्षं ते स्टोअर्स सांभाळत होते. मालवणकडचा माणूस, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, कानावर लाल पेन्सिल. 'पोटात काय?' हा त्यांचा जगाला विचारलेला एकमेव प्रश्न. खोकं आलं, की पोटात काय? पाकीट आलं, की पोटात काय? ऑफिसातल्या नुकतंच लग्न झालेल्या मुलीने पेढे वाटले तेव्हाही त्यांनी पुड्याकडे बघून हाच प्रश्न विचारला आणि ती बिचारी लाजून पळाली.

कप्प्यांत खरं तर पत्रं, याद्या वगैरे ठेवायच्या असतात. पेडणेकरांच्या कप्प्यांत काहीच नसे. ट्री फक्त कप्पे दाखवते, आतले कागद दाखवत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. म्हणून जे जे दिसायला हवं त्याचा त्यांनी कप्पाच केला. महिन्याभरात सगळी कंपनी आत गेली. प्रत्येक विभाग, प्रत्येक माणूस, माणसाच्या आत त्याचं टेबल, खुंटी, छत्री.

यात भांडणं होणारच. कप्प्याच्या नावाला आठच इंग्रजी अक्षरं चालत. पेडणेकर बरोबर आठात बसत होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान. "देवान मोजून दिल्यान," असं ते म्हणत. माझ्या कारखानीसमधलं शेवटचं एक अक्षर उडालं. अकाउंट्समधल्या चिंदरकरांची दोन उडाली.

"माझ्या बापाचं नाव कापलंस तू, अनंता!" चिंदरकर दारात उभे राहून ओरडले. चपला काढायचं त्यांना भान नव्हतं.

"आधी वहाणा काढ. मगे बापाचा बोलूया."

"माझं अर्धं 'कर' कुठे गेलं?"

"जागा नाय रे! तुझो बापूस लांब, त्याका मी काय करू?"

आमचे मॅनेजर मेहतासाहेब. त्यांना एकदा स्वतःचं नाव बघायची हौस आली. मी ट्री काढली. मेहतासाहेबांची केबिन स्टोअर्सच्या आत होती, खिळ्यांच्या खाली आणि फिनेलच्या वर.

"पेडणेकर, ये क्या है यार? मी गोडाऊनमध्ये का?"

"साहेब, तुमच्या केबिनची चावी खंय टांगलेली असते?"

"स्टोअर्समध्ये."

"मग? चावी ज्याच्या पोटात, केबिन त्याच्या पोटात."

मेहतासाहेब बाहेर गेले आणि चुकून पेडणेकरांच्या चपला घालून गेले.

सगळ्यात मोठा प्रसंग जाधवांचा. जाधव आमचे शिपाई, त्यांची बदली कारखान्यात झाली. पेडणेकरांनी त्यांचा कप्पा पुसायला घेतला तर मशीन ऐकेना. कप्पा रिकामा असल्याशिवाय पुसता येत नाही, असा त्या मशीनचा नियम. जाधवांच्या कप्प्यात अजून स्टूल, खुंटी आणि छत्री होती. मी म्हटलं, एकेक करून आतले कप्पे पुसा, दोन मिनिटांचं काम आहे. पण खुंटीवर छत्री लटकत असताना कॉम्प्युटरमधली छत्री पुसणं पेडणेकरांना खोटेपणा वाटला. त्यांनी कारखान्यात निरोप धाडला. जाधव भर दुपारी दोन इमारती ओलांडून धापा टाकत आले.

"काय झालं काका? कोण गेलं काय?"

"तू गेलंस. पण तुझी छत्री नाय गेली. ती ने, म्हणजे तू सुटलंस."

जाधवांनी छत्री घेतली. पेडणेकरांनी 'छत्री' पुसली. जाधवांनी स्टूल उचललं, 'स्टूल' गेलं. खुंटी भिंतीत होती, तिच्यासाठी सुताराला बोलावलं. शेवटी जाधवांचा कप्पा पुसला गेला तेव्हा पेडणेकरांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. जाधव छत्री आणि स्टूल घेऊन, थोडे गहिवरून, दोन इमारती पलीकडे गेले.

शनिवारी अर्धा दिवस असे. निघण्यापूर्वी पेडणेकर ट्रीची छापील प्रत काढत. आमचा प्रिंटर मोठा कर्कश, आणि त्याला रेघा कळत नसत. पडद्यावर जिथे रेघ, तिथे तो कागदावर तिरपे तीन, तिरपे सी, तिरपे डी छापत सुटे. पानभर नुसतं सीडीडीडी पेडणेकर, सीडीडीडी चिंदरकर. पेडणेकर ती लांबलचक कागदाची पट्टी घडी घालून पिशवीत टाकत आणि सोमवारी परत आणत. तोवर प्रत्येक तिरप्या अक्षरावरून लाल पेन्सिलीची सरळ रेघ गेलेली असे, फूटपट्टी धरून आखलेली. तो कागद ते स्टोअर्सच्या भिंतीवर लावत आणि जुना उतरवत.

हा शनिवारचा कागद त्यांना इतका प्रिय होता, की एकदा वीज गेली तेव्हा सगळे घरी गेल्यावरही ते साडेतीनपर्यंत प्रिंटरशेजारी बसून राहिले. मेहतासाहेबांना मात्र तो डोळ्यांत खुपायचा. एकदा बाहेरचे पाहुणे स्टोअर्स बघून गेले, आणि साहेबांनी मला बोलावलं.

"सुनंदाबेन, भिंतीवर ते लाल लाल काय आहे? पाहुणे हसले. मशीनला लाइन मारता येत नसेल तर बंद करा ते. पुढच्या शनिवारपासून नाही."

मी पेडणेकरांना सांगितलं. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी टेबलावर ठेवली, मग पुन्हा कानावर लावली. त्या दुपारी त्यांचा डबा तसाच राहिला.

मला ते बघवेना. मी मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका घरी नेली आणि आठवडाभर वाचली. वाचणं एवढंच मला नीट येतं. शुक्रवारी मला सापडलं. ट्री लिहून पुढे एक तिरकी रेघ आणि 'ए' टाइप केलं, की मशीन साध्या चिन्हांनी रेघा काढतं. अधिकची खूण, उभी दांडी, आडव्या रेघा. ही चिन्हं प्रिंटरला कळतात.

शनिवारी मी तसा कागद काढला. सुरेख आला. चिंदरकर बघायला आले, या वेळी चपला काढून. मेहतासाहेब म्हणाले, "झकास! आता लावा भिंतीवर, रोज लावा." मी कागद पेडणेकरांपुढे धरला. मला वाटलं होतं ते नाचतील.

"बरा झाला," ते म्हणाले. कागद घेऊन पिशवीत टाकला आणि निघाले.

सोमवारी त्यांनी तो भिंतीवर लावला. पुढच्या शनिवारी मागितला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कप्पे वाढायचे थांबले. डब्यात काय आहे ते आम्हाला कळेनासं झालं.

मी पुस्तिका पुन्हा उघडली, माझं कुठे चुकलं ते बघायला. ते पान पहिल्यांदा वाचताना मी घाईत होते. आता दिसलं, की 'ए'च्या ओळीशेजारी समासात एक बारीक खूण होती. लाल पेन्सिलीची.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

रविवारी सकाळी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, हे मला ठाऊक होतं, जसं ऑफिसातल्या माणसांचं ठाऊक असतं तसं. खोली झाडलेली होती. मधोमध पाट, पाटाशेजारी लाकडी फूटपट्टी, आणि पेडणेकर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पाटावर कागद नव्हता.

"ये गो," ते म्हणाले. "कामाचा काय?"

"तुम्हाला रेघांची युक्ती माहीत होती," मी म्हटलं. "मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी पट्टी उचलून पाटाच्या कडेला सरळ लावली.

"सोमवार ते शनिवार ऑफिस आसा," ते म्हणाले. "रविवार लय लांब, बाय. ही होती तेव्हा नव्हतो. एकेका माणसाची रेघ मारूची, त्याचा नाव घेवचा. चिंदरकर झालो, जाधव झालो, तू झालंस. दोनशे रेघा. असा करता करता दिवे लागायची वेळ होता."

मी पिशवीतून कागद काढला. आदल्या दिवशी सगळे गेल्यावर मी छापला होता. पानभर सीडीडीडी, सीडीडीडी.

"तिरकी रेघ टाकायला विसरले," मी म्हटलं.

त्यांनी कागद हातात घेतला. माझ्याकडे बघितलं.

"एवढा शिकलंस," ते म्हणाले, "आणि विसरतंस? उद्या मेहता बघतलो तर तुझी वाट लागात."

"साहेबांसाठी वेगळा काढलाय. चांगल्या रेघांचा. हा तुमचा."

त्यांनी चष्मा पुसला. दोऱ्याची गाठ पुन्हा बांधली. मग कागद पाटावर पसरला, पट्टी लावली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"बस हयसर. मी ओढतंय, तू नावां वाच. आणि कारखानीस पुरा वाच गो, शेवटचा अक्षर गाळू नको."

मी नावं वाचली. जाधवांचं नाव कारखान्याच्या कप्प्यात आलं तेव्हा ते थांबले, आणि जाधवांची छत्री नीट पोचली ना याची त्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. ते निवृत्त झाले तरी शनिवारी दोन कागद निघत, एक भिंतीसाठी आणि एक मुलुंडसाठी. त्यांचा कप्पा मी पुसला नाही. मेहतासाहेबांनी एकदा विचारलं, मी म्हटलं, रिकामा नाही, मशीन ऐकत नाही. त्यांना ते पटलं.

पेडणेकर गेल्या माघात गेले. खोली आता त्यांच्या भाच्याकडे आहे. मी रविवारी घरी असते.