डाव्या हाताचा डबा

मल्लाप्पा मिस्तरी बटन कानानं विकत घेतो. खोटं वाटत असेल तर उमरग्याला माझ्या दुकानात येऊन बसा. हायवेला लागून माझं इलेक्ट्रिकल्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याचं लेथचं वर्कशॉप. ट्रकचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, पंपाचे शाफ्ट, जे काही गोल असतं आणि झिजतं ते सगळं त्याच्याकडं येतं.

एक साधं पुश बटन पाहिजे असलं तरी हा माणूस अख्खा खोका माझ्या काउंटरवर ओततो. एकेक बटन उचलतो, कानाशी धरतो, डोळे मिटतो आणि दाबतो. ‘हे टिक् म्हणतंय.’ बाजूला. ‘हेबी टिक्.’ बाजूला. कुणाला बल्ब पाहिजे असतो, कुणाला फ्यूजची तार, गिऱ्हाइकं ताटकळत उभी आणि मल्लाप्पाची, म्हणजे आमच्या आप्पाची, समाधी लागलेली. शेवटी एखादं सापडतं. ‘ह्ये बग दिल्या, टक् आलं! टक् म्हंजे आतून धरलं. टिक्चा भरवसा न्हाय.’

‘आप्पा, बटन घ्यायलात का सून बघायलात?’ मी वैतागून विचारायचो.

‘सून एकदाच बगायची आसती. बटन रोज दाबायचंय.’

मळकं बनियन, कपाळाला विभूतीचे पट्टे, कानावर पेन्सिल. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि मशीनशी दोन्ही. मोटर फार आवाज करायला लागली की तो तिच्यावर खेकसतो, ‘सुम्निरू!’ म्हणजे गप बस. मला आणि मोटरला तो एकाच आवाजात गप बसवतो, हे माझं जुनं दुखणं आहे.

त्याचं एक पालुपद आहे: ‘हातात बसलं पायजे.’ जगातली कुठलीही मूठ त्याला पटत नाही. माझ्या शटरची मूठ त्यानं न विचारता बदलली. एकदा चहा प्यायला घरी आला आणि जाताना माझ्या बायकोचं लाटणं घेऊन गेला. म्हणे हातात बसत नाही. लेथवर चढवून असं काही बारीक करून आणलं की बायको म्हणाली, ‘भावजी, याच्यानं पोळी लाटू का कान कोरू?’ आप्पाला राग नाही आला. तो लाटणं परत घेऊन गेला आणि लाकडाचं नवं करून दिलं. ते मात्र फक्कड आहे, खोटं कशाला बोला.

अशा माणसाला जोडीदार कोण मिळावा? गफूर मिस्तरी! दोघांनी ज्वानीत मिळून ही लेथ घेतली. गफूरभाई म्हणजे सगळाच झपाटा. चालणं, बोलणं, जेवणं, सगळं घाईत. लेथची गती कमी-जास्त करायची तर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकावा लागायचा, आणि त्यावरून दोघांची रोज हमरीतुमरी. गफूरभाईनं पट्टा जोरात फिरणाऱ्या पुलीवर टाकला की आप्पा ओरडायचा, ‘गफूर, मशीन हाय, मोटरसायकल न्हाय!’ आणि आप्पानं हळू फिरणाऱ्या पुलीवर टाकला की गफूरभाई माझ्याकडं बघून म्हणायचा, ‘देख रे दिलीप, आप्पा शाफ्ट बना रहा क्या पूजा कर रहा?’ मी म्हणायचो, तुमच्या भांडणात मला नका घेऊ. पण खरं सांगतो, ते भांडण कानावर पडलं नाही तर दुकान उघडल्यासारखं वाटायचं नाही.

मग गफूरभाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पाय ओढायला लागला, उजवा हात तर नुसता लोंबता. सोलापूरला नेलं, आणलं, मालिश झाली. डॉक्टर म्हणाले, आता मन लागेल असं काहीतरी पाहिजे. मन कशात लागणार? ज्याचा हात गेला त्याचं सगळं हातातच होतं. जैनबभाभी, त्याची बायको, रडकुंडीला येऊन सांगायची, ‘दिवार को मुँह करके बैठे रहते. खाना नक्को बोलते.’

आप्पा रोज जायचा, शेजारी बसायचा. एक दिवस तो परत आला तो थेट माझ्या काउंटरपाशी. म्हणाला, ‘दिल्या, गफूरला परत मशीनवर बसवायचा. काम म्या करतो. मशीन त्यो चालवंल.’

‘एका हातानं? बसून? पट्टा कसा बदलणार?’

‘पट्टा काढून टाकतो की.’

आणि त्यानं खरंच सोलापूरहून मोटरचा इन्व्हर्टर आणवला. गल्लीत बोभाटा झाला की आप्पानं इन्व्हर्टर घेतला. झालं! लोडशेडिंगच्या वेळी कुणी मोबाइल चार्जिंगला घेऊन येतंय, एका बाईनं मिक्सर आणला. आप्पा सगळ्यांना समजावून दमला: बाबांनो, हा दिवे लावायचा न्हवं, हा मोटरची गती कमी-जास्त करतो, करंट साठवत न्हाय. मिक्सरवाली बाई म्हणाली, मग कशाला घेतला?

इन्व्हर्टर बसला भिंतीवर, छातीच्या उंचीला. त्याची बटनं ही एवढीशी. खुर्चीत बसलेल्या माणसाला ती दिसणारसुद्धा नाहीत. मग आप्पाला आठवला क्रेनचा डबा. ढोकीकडं एका कारखान्यात तो कधी कामाला गेला होता. तिथं क्रेनला वायरीनं लोंबता डबा असतो, खाली उभा माणूस तो हातात धरून बटनं दाबतो आणि वर क्रेन चालते. ‘तसला डबा,’ आप्पा म्हणाला. ‘हिरवं बटन चालू, लाल बंद, आन् आंगठ्याखाली गतीची चकरी. गफूरच्या डाव्या हातात बसलं पायजे.’

इथून माझ्या दुकानाचे हाल सुरू झाले. पहिला डबा लाकडी, तो जड झाला. दुसरा साबणाच्या डबीचा, तो घसरायला लागला. तिसऱ्याला सायकलच्या हँडलची मूठ लावली, तर चकरीपर्यंत अंगठा पोचेना. डावा हात कसा चालतो हे कळावं म्हणून आप्पानं स्वतःचा उजवा हात दिवसभर करगोट्याला बांधून ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक विचारायचं, आप्पा, हात मोडला का? ‘सुम्निरू!’ डाव्या हातानं चहा प्यायला, निम्मा बनियनवर. हद्द झाली ती चौरस्त्यावरच्या एका लग्नात. पंगतीत साहेब डाव्या हातानं जेवायला बसले! वाढपी बघत राहिला, शेजारचे म्हातारे पाहुणे पानावरून उठायला निघाले. मी हात जोडून सांगितलं, अहो, शिक्षण चालू आहे त्याचं. आप्पा आपला वरणात बोटं घालून मला सांगतोय, ‘आंगठ्याला लई ताण येतो दिल्या. चकरी खाली घ्यावी लागंल.’

चकरी खाली घेतली, तर मोटर थरथरायला लागली. गती आपोआप वर-खाली. आप्पाची बायको म्हणाली, दृष्ट लागली, आणि डब्याला लिंबू-मिरची बांधून गेली. मी म्हणालो, डब्याची वायर मोटरच्या वायरीला खेटून नेलीय, तिचा त्रास होतोय. जाळीवाली वायर घ्या आणि लांबून न्या. आप्पानं वायर बदलली आणि लिंबूही राहू दिलं. थरथर थांबली. त्याच्या बायकोनं आजवर मला श्रेय दिलेलं नाही.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर डबा झाला. असा झाला की काय सांगू! डाव्या तळहातात अलगद बसणारा, कडा घासून गुळगुळीत, अंगठा न ताणता दोन्ही बटनांवर पोचणारा. मी म्हणालो, ‘चला, आत्ता बोलवू गफूरभाईला.’

आप्पा म्हणाला, ‘खंडेनवमीला. पूजा झाल्याबिगर नव्या वस्तूवर मशीन चालवायची न्हाय.’

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं, सगळी मशीनं धुऊनपुसून पुजतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. इतकी वर्षं लेथच्या चकला, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या गोल तोंडाला, झेंडूचा हार घालायचा मान गफूरभाईचा. आप्पा हळदीकुंकू लावणार, गफूरभाई हार घालणार आणि गल्लीभर पेढे वाटणार. त्यात कधी खंड नाही.

त्या दिवशी मी आणि समोरचा चहावाला, आम्ही गफूरभाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. भाभीनं त्याला पांढरा सदरा घातला होता. डाव्या हातानं त्यानं हार घातला, तिरका बसला, आप्पानं सरळ केला. मग आप्पानं डब्याला कुंकू लावलं आणि त्याच्या हातात दिला. गफूरभाईनं मूठ मिटली. नुसता बघत राहिला डब्याकडं. त्याच्या तोंडाची एकच बाजू हसायची, पण ती काय हसली, वा!

अंगठा हिरव्या बटनावर ठेवून तो म्हणाला, ‘आप्पा, दबाऊँ?’

आणि आप्पानं झटकन त्याच्या हातावर हात ठेवला. ‘आज न्हाय गफूर! आज मशीन देवीची. उद्या दसरा. परवा सकाळी तूच चालू कर, तुला पायजे तेवढी पळव. म्या काय बोलणार न्हाय.’

मेन स्विच बंदच होता. गफूरभाईनं तरी बटन दाबलं. टक्. परत दाबलं. टक्. मशीन गप्प. दोघं हसले, आम्हीही हसलो. पेढे खाल्ले. मी तिथंच उभा होतो आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं? परवावर तर आली होती गोष्ट.

दसऱ्याच्या संध्याकाळी गफूरभाईला परत त्रास सुरू झाला. त्याची मुलगी हैदराबादला असते, जावयानं गाडी पाठवून तिकडंच नेलं. तिथून तो आला नाही. दफनही तिकडंच झालं. आप्पा बसनं गेला होता, पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. परत आला आणि इन्व्हर्टरच्या भिंतीवरच्या बटनांनी मशीन चालवायला लागला. डबा खिळ्याला लटकावून वर प्लॅस्टिकची पिशवी घातली. त्याला कुणाला हात लावू देईना.

एकदा चहा पिता पिता आपणहून बोलला. ‘देवी काय रागावली आसती व्हय रे, दिल्या? एवढं एक बटन हुतं. म्या त्याचा हात धरला. जन्मभर त्याला हळू हळू म्हनत आलो, आन् त्या दिवशीबी थांबवलाच.’ मी म्हणालो, आप्पा, चहा गार होतोय. किती बावळट बोलतो माणूस अशा वेळी.

इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात बसून पाळायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर जैनबभाभी उमरग्याला आली. घरातलं सामान आवरायचं होतं. आवरून झाल्यावर ती वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट करत. मीही उठून गेलो. आप्पानं स्टूल पुसून पुढं केलं. ती बसली नाही. लेथकडं बघत म्हणाली, ‘उस दिन घर आके बहुत खुश थे. पेट भर खाना खाए. बोले, जैनब, मैं मशीन चलाके आया. आप्पा ने मेरे लिए डब्बा बनाया, उससे चलाया. हैदराबाद में भी सबको येच बोलते थे.’ मग तिनं आप्पाला विचारलं, ‘चलाए थे ना, भाई?’

मी आप्पाकडं बघायचं टाळलं.

‘व्हय भाभी,’ आप्पा म्हणाला. ‘चालवली की. त्यानंच चालवली.’

‘जोर से?’

‘लई जोरात. म्या वरडलो, तरी ऐकंना.’

भाभी हसली आणि तिचे डोळे भरून आले. आप्पानं खिळ्यावरचा डबा काढला, पिशवी काढली, मेन स्विच टाकला आणि डबा तिच्यापुढं धरला. ‘तुमीबी बगा दाबून. डाव्या हातानं. ह्ये हिरवं.’

तिनं घाबरत घाबरत डबा हातात घेतला. हिरवं बटन दाबलं. लेथ फिरायला लागली. आप्पानं तिच्या अंगठ्याखालची चकरी हळूच फिरवून दिली, आणखी फिरवली, आणि मोटरचा आवाज असा चढला की त्या वर्कशॉपात मी तो कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. भाभी डबा दोन्ही हातांनी धरून उभी. बंद कसं करायचं तिला माहीत नव्हतं, आणि आप्पा सांगत नव्हता.