बांधावरचा भिवा

भिवा अर्धी दाढी करून उठून गेला की समजावं, खाडीला भरती लागली. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत, गळ्यात फडकं, अशा अवतारात गिऱ्हाईक भेंडीच्या झाडाखाली बसून राही. भिवा समोरच्या बांधावर चढे, पाण्याकडे बघे, वाकून मातीला कान लावी. मग परत येऊन वस्तरा उचलत म्हणे, "आज बरा हाय. उद्याचं काय सांगता येत न्हाय."

एकोणीसशे साठच्या दशकात घोडबंदरच्या शाळेवर मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा पहिल्याच रविवारी माझ्या गालावरचा फेस असा वाळून खडखडीत झाला होता. मी चिडून विचारलं, "अहो, पाणी काय पळून जाणार आहे का?"

"जानार न्हाय, मास्तर. येनार हाय," भिवा म्हणाला आणि खाडीकडे बघतच वस्तरा चालवू लागला. मी उरलेला वेळ श्वास रोखून बसलो.

भिवा म्हणजे भीम. पण आमचा भीम पाच फुटांचा, काडीसारखा आणि कमालीचा भित्रा. तो कुलाबा जिल्ह्यातल्या खारेपाटातून, खाडीकाठच्या खारजमिनीच्या भागातून, एकटाच आला होता. त्याची खोली टेकाडावर, देवळामागे. तिथं पाणी पोचायचं तर आधी निम्मा गाव बुडायला हवा. तरी भिवा झोपायचा माळ्यावर. चपला खुंटीला, पीठ-मीठ वरच्या फळीवर, आणि वस्तऱ्यांची पेटी उशाशी दोरीनं बांधलेली. लोक हसायचे. मीही हसायचो. पण बांध काय चीज आहे ते कळलं, तसं माझं हसू कमी होत गेलं.

नुसत्या मातीचा बांध, माणसाच्या उंचीचा. बाहेरच्या अंगाला खाडी, आतल्या अंगाला भातशेती आणि मिठागरं. चेणे गावच्या डोंगरातून उतरणारा ओढा बांधातल्या एका लाकडी दरवाजातून खाडीत जायचा. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडायची, भरतीला लावायची. एवढंच काम, पण त्यावरून तीन वस्त्यांचं बोलणं बंद होतं. भातशेतीवाल्या हरी पाटलांना भरतीच्या थेंबाचंही भय, कारण एकदा शेत खारवलं की पुढं कित्येक वर्षं पीक नाही. कोळीवाड्यातला जोमा तांडेल उघाडीच्या तोंडाशी जाळं लावी, म्हणून त्याला ती उघडी हवी. आणि मिठागराचे कानजी मुकादम उघाडी लावल्यावर ओढ्याचं गोडं पाणी तुंबून मिठात शिरलं की कपाळ बडवून घेत. या भांडणात बांधाकडं कुणीच बघत नव्हतं. बघत होता तो फक्त भिवा, आणि त्याची तर इथं वीतभर जमीनही नव्हती.

"खेकडे, मास्तर," तो मला खालच्या आवाजात सांगे, जणू खेकडे ऐकताहेत. "भाईर एक बीळ, आत एक बीळ. मधी नळी तयार. परवा कान लावला तर आत पानी बोलत व्हतं."

"काय बोलत होतं?"

"ते इचारायला मी थांबतोय व्हय!"

एका रविवारी पाटील, तांडेल आणि मुकादम तिघंही एकाच वेळी भेंडीखाली आले आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. भिवानं पाटलांची अर्धी दाढी केली. मग "जरा थांबा हां," म्हणत तांडेलाची अर्धी केली. मग मुकादमांची. मग वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि पेटीवर स्वतः बसला.

"आता तिघांनी माज्यासंगं बांधावर यायचं. बिळं बघायची. मंग बाकीची दाढी."

"तुला वेड लागलंय का रे?" पाटील ओरडले.

"ये क्या मस्करी है, भिवा?" मुकादमांनी पंचा झटकला.

भिवाचे ओठ पांढरे पडले होते, पण पेटीवरून तो उठला नाही. दुसरा न्हावी गाठायला भाईंदरला जायला हवं होतं, आणि अर्ध्या दाढीनं पाटील भाईंदरला जाणं शक्यच नव्हतं. तिघं बांधावर गेले. मीही गेलो. भिवा एकेका बिळात वेताची लांब काडी घालून दाखवी. उघाडीशेजारच्या एका बिळात काडी गेली ती गेलीच. आतल्या अंगानं तिचं टोक बाहेर आलं. तांडेलानं अंगठ्यानं ते भोक चाचपलं.

त्या दिवसापासून दर अमावास्या-पौर्णिमेआधी तिन्ही वस्त्यांतली माणसं बांधावर येऊ लागली. कोळी खेकडे धरत, शेतकरी पेंढा आणि चिकणमाती कालवून बिळं बुजवत, मिठागरवाले ती माती पायांनी तुडवून बसवत. तुडवण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कुणी धरणार नाही. डोंगरात पाऊस फार झाला तर चेण्याहून माणूस निरोप घेऊन येई, की ओढा फुगलाय. वर्षं गेली. लोक निर्धास्त झाले. भिवा मात्र झाला नाही.

आणि मग ती भाद्रपदातली अमावास्या आली. भात फुलोऱ्यावर होतं. सकाळी चेण्याचा माणूस भिजत आला, "वर ढग फुटल्यागत पाऊस हाय." दुपारी उधाणाची भरती. म्हणजे आतून ओढा आणि बाहेरून खाडी. शाळा सोडून मी बांधाकडे निघालो, तेव्हा उघाडीपाशी भिवा हात वर करून उभा दिसला. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. त्याच्या पायाशी बांधातून घागरीच्या तोंडाएवढी धार उसळत होती, आणि तिच्याबरोबर मातीची ढेकळं सुटत होती.

मी उलटा पळालो आणि शाळेची घंटा बडवत सुटलो. परतलो, तर भिवा आतल्या अंगानं त्या भोकाला पाठ लावून बसला होता. तुंबलेल्या ओढ्याचं पाणी छातीपर्यंत आलेलं, डोळे गच्च मिटलेले, दात वाजताहेत.

"भिवा, ऊठ! बांध गेला तर जाशील!"

त्यानं पाठ आणखीच दाबून धरली.

पाटील पेंढ्याच्या गाड्या घेऊन आले. मुकादमांनी मिठाची रिकामी पोती आणली, माणसं त्यांत माती भरू लागली. तरी भोक वाढून बांधाला खांड पडली, हातभर, मग दोन हात. भिवाला दोघांनी ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात जोमा तांडेल आपली होडी घेऊन बाहेरून आला. त्यानं ती खांडीला आडवी लावली आणि कुऱ्हाडीनं तिचा तळ फोडला. बापाच्या हातची होडी ती. ती भरून खाली बसली, तिच्यावर पोती पडली, पोत्यांवर पेंढा, पेंढ्यावर माती, आणि मातीवर साठ-सत्तर माणसं नाचल्यासारखी तुडवू लागली. पाटलांनी तांडेलाचा खांदा धरला होता, घसरू नये म्हणून. दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं.

भरती उतरली. उघाडीजवळची दोन शेतं खारवली, बाकी सारं वाचलं.

संध्याकाळी माणसं घरी गेली, पण भिवा बांधावरच बसून होता. मी त्याला उठवायला गेलो. म्हटलं, "तुझं ना शेत, ना मिठागर, ना होडी. कशासाठी मरायला बसला होतास?"

तो सांगू लागला. त्याच्या गावचा बांध फुटला तेव्हा कुणी मेलं नाही. पाणीही चार दिवसांत ओसरलं. पण शेतं खारवली आणि माणसं निघाली. कुणी पनवेलला, कुणी मुंबईला. भाऊ गेला. बायको माहेरी गेली, ती तिकडचीच झाली.

"म्हैनाभर मी रोज पेटी उघडून बसायचो, मास्तर. कुनीच यायचं न्हाय. मंग आरशात बघून सोताचीच दाढी करायचो. सकाळी येकदा, सांच्याला येकदा. हात रिकामा र्‍हाऊ नये म्हनून."

खाली वस्त्यांतून चुलींचा धूर वर येत होता. भिवा त्याच्याकडे बोट करून पुटपुटत होता, "पाटलाकडं पेटली. तांडेलाकडं पेटली. मुकादमाकडंबी..." मग त्याचं बोट थांबलं. मिठागराच्या टोकाला राखणदाराची झोपडी होती. तिच्यातून धूर नव्हता.

"ती मानसं कुठं गेली?" त्यानं माझा दंड धरला.

"गावी गेलीत. येतील आठ दिवसांत."

"सांगून गेलीत?"

"हो. मला सांगून गेलीत."

"मंग ठीक," तो म्हणाला आणि उठला.

मला त्या माणसांचं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं रोज संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर येऊन त्या झोपडीकडे बघत उभा राहायचो. नवव्या दिवशी तिच्यातून धूर निघाला, आणि मी मटकन खाली बसलो.