लाल शेपटीचं गोत

राठोड गुरुजींकडे कोणी गप्पी मासा मागायला गेलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतात, "गोत कोनतं?"

मागणाऱ्याचं नव्हे, माशाचं. मागणारा बिचारा गडबडतो. त्याच्या टाकीत कोणीतरी मुलाच्या वाढदिवसाला दिलेले चार मासे असतात, त्यांचं गोत त्याला कुठून ठाऊक असणार? मग मासे कोणत्या गावाहून आणले, रंग कोणता, शेपटी गोल की पंख्यासारखी, अशी सगळी उलटतपासणी होते आणि शेवटी गुरुजी "पाहू" म्हणतात. मुलीकडची मंडळी म्हणतात तेच हे "पाहू". चार-आठ दिवसांनी ते स्वतः त्या घरी जातात. टाकी उन्हात आहे का, पाणी बोअरचं की नळाचं, घरात मांजर आहे का, हे सगळं पाहतात, चहा घेतात आणि पसंत पडलं तरच मासा देतात. कॉलनीतले एक बँकवाले साहेब दोनदा नापास झाले. पोराच्या ॲडमिशनला इतका त्रास झाला नव्हता, असं ते अजून सांगतात.

मी गुरुजींची शेजारीण. पुसदला आमच्या घरांची भिंत एकच आहे आणि अठ्ठावीस वर्षांत त्या भिंतीपलीकडचं मला न कळलेलं फारसं काही नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मासे मला आवडतात ते ताटात. हे मी गुरुजींना कधी बोलले नाही, तेवढी अक्कल आहे.

गुरुजींचं बालपण उमरखेडकडच्या बंजारा तांड्यात गेलं. त्यांच्यात राठोडाची मुलगी राठोडाला देत नाहीत. एका गोतातली सगळी एकमेकांची भावंडं, सोयरीक करायची ती पवार, चव्हाण, जाधवांत. गुरुजींना चार पिढ्यांची नाती तोंडपाठ. पूर्वी लग्न जुळवायच्या आधी लोक त्यांना विचारायला यायचे, अंगणात चपलांचा ढीग पडायचा. आता पोरं फोनवरच जुळवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तर गुरुजींना कोणी काही विचारीना.

तेव्हाच घरात गप्पींची एक जोडी आली. यवतमाळच्या दुकानातली, एकाच पिशवीतली. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि देतच राहतात. वर्षभरात टाकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग त्या जोडीच्या नातवंडांच्या पाठी वाकड्या निघू लागल्या. गुरुजींनी मला बोलावून दाखवलं. चेहरा असा, की घरात कोणी आजारी असावं.

"ताई, हे घरातल्या घरात झालं. भावाले बहीन देल्ली मी. या तांड्याचा नायक कोन? मी. मंग चूक कोनाची?"

दुसऱ्या आठवड्यात घरात इतर गावांहून नवे मासे आणि चार लहान टाक्या आल्या. त्यांच्यावर खडूनं नावं पडली: लाल शेपटीचे राठोड, पिवळे पवार, निळे चव्हाण, काळ्या ठिपक्यांचे जाधव. लहान टाक्यांत माद्या आणि पिल्लं. बैठकीतली चार फुटी टाकी म्हणजे तांडा. तिथं मॉली, प्लॅटी, तळ साफ करणारा एक जाड सकर मासा आणि गप्पींचे नुसते नर असे गुण्यागोविंदानं राहतात. लग्न लावायचं तर सोमवारी, वेगळ्या बरणीत. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं की तिला जाळीच्या डब्यात हलवायचं, कारण गप्पी स्वतःचीच पिल्लं खाते. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक, तोही कापडातून गाळून. त्या दिवसांत गुरुजी घरात मोठ्यानं शिंकतसुद्धा नाहीत.

"माह्या बाळंतपणात हे ट्रेनिंगले गेलते," राठोड काकू भाजी निवडता निवडता सांगतात, "आन् मासोळीच्या बाळंतपणात सुट्टी काढून बसले."

"मी रिटायर हाय," गुरुजी म्हणतात.

काकू बोलतात ते बाळंतपण प्रतिभाचं. गुरुजींची एकुलती एक लेक, अमरावतीला सरकारी नोकरीत. तिनं चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मुलाचं नाव घरी सांगितलं. मुलगा जळगावकडचा, त्यांच्याच समाजातला, पाहण्यात नाही की ऐकण्यात नाही, पण आडनाव राठोड. "तो तुहा भाऊ लागते," गुरुजी म्हणाले. प्रतिभा भांडली नाही. तिनं फक्त त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हटलं. दिवाळी-होळीला ती येते, बापूंच्या, म्हणजे गुरुजींच्या, टाकीसमोर बसते, दोघं माशांवर तासन्‌तास बोलतात. हा विषय सोडून सगळं बोलतात. एकदा गुरुजी मला म्हणाले होते, "आमच्या मागं हे पोरगी एकटीच राह्यते काय, ताई?" मी पाण्याचा विषय काढला.

राठोडांच्या टाकीत नवं रक्त हवं होतं. मी बहिणीकडे नांदेडला निघाले, तर गुरुजींनी एक नर आणायला सांगितला. परत येताना माशाची हवा भरलेली पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. उमरखेडला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, "हा एकच कायले? यानं कालवण कसं होईन?" पुसदच्या स्टँडवर गुरुजी स्टीलचा डबा घेऊन उभे होते. पिशवी उजेडाकडे धरून त्यांनी निरखलं आणि खूश झाले. "लाल शेपटी. म्हंजे आपला राठोडच." झालं बारसं. त्यामुळे राठोडांच्या टाकीसाठी आणलेला नवरदेव राठोडांच्या कामाचा राहिला नाही आणि मोठ्या टाकीत नुसता शोभेला पोहू लागला.

यंदा गुरुजी भाच्याच्या लग्नाला गेले आणि काकूंनी नवऱ्यावर उपकार म्हणून सगळ्या टाक्या धुवायला काढल्या. सगळे मासे एका टबात. गुरुजी परतले तेव्हा काच लखलखत होती. सगळं ऐकून ते खुर्चीत बसले.

"किती वेळ होते टबात?"

"दोन घंटे असन. दोन घंट्यात काय होते?"

"माशाले दोन मिनिटं पुरते," गुरुजी म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी घरी निघून आले, कारण मला हसू आवरेना.

राठोडांची एक देखणी मादी त्यांनी निळ्या चव्हाणासाठी लहानपणापासून वेगळी वाढवली होती. तिचं लग्न ठरल्या सोमवारी लागलंच, पण गुरुजींचं मन लागेना. महिन्यानं बावीस पिल्लं झाली. पुढं शेपट्यांना रंग चढू लागला तर एकही निळी नाही, सगळ्या लाल. राठोडांचे जुने नर एव्हाना लोकांच्या घरी गेले होते, टबात लाल शेपटीचा मोठा नर एकच होता, माझ्या मांडीवरून आलेला.

गुरुजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग शाळेच्या दिवसांतलं भिंग काढून ते रोज सकाळी पिल्लांच्या पाठी तपासू लागले. वाकडेपणाची वाटच पाहत होते म्हणा. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "सरळ हाय." आठवडे गेले. बावीसच्या बावीस पिल्लं ताठ, चपळ आणि इतकी सुंदर, की मलासुद्धा क्षणभर कालवण आठवलं नाही.

मागच्या रविवारी मी वाटी परत द्यायला गेले, तर गुरुजी भिंग हातात घेऊन बसलेले.

"ताई, एकाची बी पाठ वाकडी नाही. असं काहून झालं असन?"

माझं अर्धं लक्ष घरच्या कुकरकडे होतं. मी बोलून गेले, "वाकडी कायले होईन, गुरुजी? ते यवतमाळची, तो नांदेडचा. दोघायची ना ओळख ना पाळख. राठोड नाव तर तुमीच ठेवलं, शेपटी पाहून."

बोलले आणि जीभ चावली. काकूंचा भाजी चिरणारा हात थांबला होता. गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता अठ्ठावीस वर्षांचा शेजार संपला.

मग त्यांनी फोन घेतला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. लेकीशी ते गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत बोलतात, पण इतक्या वर्षांत मला ती कळायला लागली आहे. जेवलीस का, ऊन किती, कूलर सुरू झाला का, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाले,

"तुह्या ऑफिसातला तो पोरगा. त्याचं लग्न झालं काय?"

फोन कटला असं वाटून गुरुजींनी तो कानाशी नेला.

"नाही, बापू."

"मंग पुढच्या रविवारी घेऊन ये त्याले."

"कायले?" प्रतिभानं विचारलं.

"कायले म्हंजे? जेवाले."

एवढं बोलून गुरुजींनी फोन काकूंच्या हातात दिला आणि ते टाकीकडे तोंड करून उभे राहिले. काकू फोन धरून नुसत्या बसल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या. पलीकडे प्रतिभाचंही तेच चाललेलं असणार. रडू मलाही येत होतं, पण कोणीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मीच फोनजवळ वाकून विचारलं, "प्रतिभा, त्याले तिखट चालते काय गं?"