होऊन राहिलं

त्या रविवारी कॉलेजात जो घोटाळा झाला, तो मला 'राहिलं' या शब्दाचा इथला अर्थ न कळल्यामुळं झाला, असं आमच्याकडं सगळे मानतात. मला तो अर्थ तेव्हाही पक्का ठाऊक होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, कारण ती आधी हसेल आणि मग हसायची थांबेल.

पण ही गोष्ट माझी नाही, शालिकभाऊ सेलोकरांची आहे. मी आलो तो फक्त वाटेत आडवा आलो.

शालिकभाऊ मूळ करडीचे. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर, वायरी, इंटरनेट असं जे जे म्हणून बंद पडू शकतं, ते त्यांच्याकडं. मी तिथला कार्यालय अधीक्षक. शालिकभाऊंचा ठेंगणा बांधा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं आणि गळ्यात उपरण्यासारखी टाकलेली एक निळी वायर. यंत्र मुकं झालं की ती त्याला आणि लॅपटॉपला जोडायची, मग ते आतल्या आत काय पुटपुटतंय ते पडद्यावर दिसतं. डॉक्टर नळी मिरवतात तशी ते ती वायर मिरवत. एका लग्नात पंगतीला बसतानाही ती गळ्यात होती.

त्यांची मुख्य खोड अशी, की त्यांना 'हो' किंवा 'नाही' हे उत्तरच देता येत नसे. त्यांच्याकडं तिसरंच उत्तर असायचं.

"शालिकभाऊ, प्रिंटर सुरू झाला का?"

"होऊन राहिला."

"बस आली का?"

"येऊन राहिली."

आमच्या साताऱ्याकडं काम राहिलं म्हणजे ते करायचं राहून गेलं. इकडं काम होऊन राहिलं म्हणजे ते चालू आहे. एकच शब्द, पण तिकडं तो हात झटकतो आणि इकडं धीर देतो. शालिकभाऊंचा सगळा संसार या धीरावर चालायचा. जगात कुठलीच गोष्ट झाली किंवा फसली असं त्यांच्या लेखी नव्हतंच. सगळं आपापल्या चालीनं होऊन राहिलं होतं.

याचा त्रासही व्हायचा. आमचे जुने प्राचार्य दवाखान्यात अत्यवस्थ होते, तेव्हा शालिकभाऊंना चौकशीला पाठवलं. फोनवर विचारलं, तर म्हणाले, "जाऊन राहिले." आम्ही हार मागवला, शोकसभेच्या खुर्च्या मांडल्या. प्राचार्य पुढच्या आठवड्यात पायी कॉलेजात आले. सगळे शालिकभाऊंवर तुटून पडले, तर ते शांतपणे म्हणाले, "मी 'गेले' म्हटलो काय? 'जाऊन राहिले' म्हटलो. आता येऊन राहिले, तं मी काय करू?"

एकदा ते एका प्रिंटरसमोर अर्धी दुपार बसून होते. शेवटी शिपायानं दाखवलं की वायरच भिंतीत खोचलेली नाही. "असू दे," ते म्हणाले, "मले वाटलं, विचार करून राहिला असन."

आता कोतवालाबद्दल. बाहेरच्या इंटरनेटमधून आत कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारी एक पेटी असते, तिला फायरवॉल म्हणतात. दिसायला पोह्यांच्या चपट्या डब्यासारखी. शालिकभाऊ तिला कोतवाल म्हणत. तिच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करत. मी एकदा विचारलं, आत कोण आहे? म्हणाले, "कोणी नाही जी. पण काम करून राहिला बिचारा, एकदम कायले घुसाचं."

या कोतवालाची आतली यंत्रणा जुनी झाली होती, नवी घालायची होती. सोमवारी पोरांची ऑनलाइन परीक्षा, म्हणून रविवारी सकाळी काम काढलं. चावी माझ्याकडं, म्हणून मीही गेलो. माझं मन मात्र जिल्ह्यातल्याच एकोडीला होतं. तिथं माझ्या मेव्हण्याकडं जेवण होतं, बायको आदल्या दिवशीच माहेरी पोचली होती.

शालिकभाऊंनी आधी कुणाला आत सोडायचं त्या सगळ्या नियमांची प्रत काढून बाजूला ठेवली, मग नवी यंत्रणा चढवली आणि पेटी पुन्हा सुरू व्हायला सोडली. पडद्यावर काही ओळी धावल्या आणि थांबल्या. पेटीवरचा पिवळा दिवा लुकलुकत राहिला.

"अडकलं वाटतं," मी म्हणालो.

"अडकलं नाही. नवीन घरात सामान लावून राहिला. पहिल्या खेपेले टाइम लागते." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "रोवणा झाला का धानाचे पऱ्हे, कवळे रोपं, पिवळे पडतेच, साहेब. मूळ धरलं का नाही म्हणून उपटून पाहाल, तं मरनच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घराशेजारच्या बाईंचा होता. शालिकभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, पलंगावरून उतरताना पडल्या होत्या. वहिनींना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे एवढंच मला ठाऊक होतं. त्यापुढं मी कधी विचारलं नव्हतं. शालिकभाऊ उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. कोतवालाकडं बघून मग माझ्याकडं बघितलं.

"हात नोका लावजा जी. होऊन राहिलं."

हात लावू नका, काम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी मान डोलावली. म्हणजे मला कळलं होतं.

मी बसून राहिलो. दिवा लुकलुकत होता, ओळ हलत नव्हती. मग बायकोचा फोन आला. "कुठी आहा? दादा थांबून राहिला, पुऱ्या थंड होऊन राहिल्या."

हे 'होऊन राहिल्या' मला बरोबर समजलं. पुऱ्या थंड व्हायच्या राहून गेल्या, असं काही मला क्षणभरही वाटलं नाही. फोन ठेवला, आणि घरच्या टीव्हीच्या डब्याचं करतो तसं कोतवालाची वायर ओढून पुन्हा खोचली. दिवा लाल झाला आणि तसाच राहिला.

मी शालिकभाऊंना फोन करून म्हणालो, "बंद पडलं."

ते आले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मी ते पहिल्यांदाच तसं पाहिलं. लाल दिव्याकडं बघून त्यांनी विचारलं, "कोणी वायर काढली काय?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "तुम्हीच म्हणालात ना, राहिलं म्हणून? आमच्याकडं राहिलं म्हणजे व्हायचं राहिलं. मला वाटलं, पुन्हा सुरू करायला सांगताय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या घरच्या वहिनी एकोडीच्या न जी?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. गळ्यातली निळी वायर काढली आणि खाली बसले.

पडद्यावर आधी नुसतं चिन्हांचं भुसकट आलं. मी म्हणालो, गेलं सगळं. "गेलं नाही. तो एका चालीनं बोलून राहिला, आपण दुसऱ्या चालीनं आयकून राहिलो." त्यांनी लॅपटॉपचा वेग बदलला, आणि भुसकटाची अक्षरं झाली. कोतवाल म्हणत होता की त्याला उठायचं आहे, पण उठून जायचं ते घर सापडत नाही. नवं सामान अर्धवट लागलं होतं, तिथंच मी वीज तोडली होती.

"आत दोन खोल्या असते," शालिकभाऊ मला सांगत होते, की त्याला, कोण जाणे. "नवीन खोलीत सामान जाईस्तोवर जुनी मोडाची नसते. चाल, जुन्या खोलीत चाल." उठता उठता त्याला मध्येच थांबवायची एक कळ असते, ती नेमक्या वेळी दाबावी लागते. दोनदा चुकली. मग लागली. जुन्या खोलीतून कोतवाल उठला, पण त्याला कुणाचीच ओळख राहिली नव्हती. तेव्हा सकाळची प्रत त्याच्यावर चढवली. मग नवी खोली पुसून साफ केली आणि सगळं काम पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

मधल्या वेळात त्यांनी शेजारच्या बाईंना फोन लावला. "तिच्या कानाले लाव न बाई," म्हणाले, आणि मग फोन धरून नुसतेच बसले. बोलेनात, की हूं करेनात. लाइन कटली आहे असं मी खुणेनं सांगितलं. त्यांनी हातानंच मला गप्प बसवलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हो. येऊन राहिलो," आणि फोन ठेवला.

ऊन उतरताना दिवा हिरवा झाला. एकोडीला मी गेलोच नाही. पुऱ्या मेव्हण्यानं खाल्ल्या.

सोमवारची परीक्षा सुरळीत झाली, पण रविवारची बातमी संस्थेच्या सचिवांपर्यंत पोचली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. खोलीत निम्मं कार्यालय होतं. मी माझं वाक्य पुन्हा बोललो. यावेळी ते आणखी गुळगुळीत आलं. सगळे हसले. सचिव हसले नाहीत. "सेलोकर, शेतात बोलता तसं ऑफिसात बोलू नका. शुद्ध बोलत जा जरा. समोरच्याला कळलं पाहिजे."

शालिकभाऊ म्हणाले, "हो जी." मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "होय, साहेब."

मी टाइलकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "शालिकभाऊ, नेट आलं का?" ते उभे राहिले, शब्द जुळवले आणि म्हणाले, "येत आहे, साहेब." पहिलीतल्या पोरानं पाठ म्हणावा तसं. तेव्हापासून तेच. प्रिंटर सुरू होत आहे. बस येत आहे. कोतवालाशीसुद्धा, माझी चाहूल लागली की, ते पुस्तकातलं बोलतात. पोरं त्यांना 'आकाशवाणी' म्हणायला लागली. ऑफिसात कुणाचा घोटाळा होत नाही आता. कुणी हसतही नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो की आज सांगायचं. दार उघडं होतं. वहिनी पलंगावर टेकून बसलेल्या, डाव्या हाताची बोटं पदराशी चाळा करत होती. मला बघून त्यांचे ओठ हलले.

"पा…" त्या म्हणाल्या. "पा…"

"पाणी हवंय का, वहिनी?" मी तांब्याकडं वळलो.

शालिकभाऊंनी माझं मनगट धरलं. रागानं नाही, नुसतं धरलं. ते वहिनींसमोर जमिनीवर बसले होते, आणि चेहऱ्यावर तोच भाव होता जो लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर असायचा.

"बोल," ते म्हणाले. "येऊन राहिला न शब्द. घाई नाही."

आम्ही थांबलो. बाहेरून एक ऑटो गेला, कुणीतरी नळ बंद केला. वहिनींच्या कपाळावर घाम आला. मला तो शब्द त्यांच्या तोंडातून ओढून काढावासा वाटत होता.

"पाव्हणा," वहिनी म्हणाल्या. आणि मग दमून, पण स्पष्ट, "बसा जी."

"पाहा," शालिकभाऊ म्हणाले, "तुमाले बसा म्हणून राहिली ते." म्हणाले, आणि एकदम सावरले. उठून उभे राहिले. वरच्या बटणाला हात लावून बघितला.

"बसा, साहेब. चहा होत आहे."

मी चहा प्यालो. कप खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काही काम होते का आपले?" आणि विचारून थांबले. वहिनींसाठी थांबले होते तसेच, नजर न हलवता, घाई न करता. कुणीही इतकं थांबलं असतं तर दगडानंही तोंड उघडलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

त्यांचं 'राहिलं' मी त्यांच्याकडून काढून घेतलं, एका जेवणासाठी, आणि ते जेवणही मला मिळालं नाही. ते त्यांना परत द्यायचं आहे, सचिवांच्या त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर. ते अजून राहिलं आहे. आमच्या साताऱ्याकडच्या अर्थानं.